गॅप इयरला निघताय? काय किती दिवस आधी बुक करायचं, आणि काय अजिबात करायचं नाही

बारावीनंतर किंवा डिग्री झाल्यावर वर्षभर सॅक पाठीवर टाकून भारत फिरायचं ठरवलं की पहिला प्रश्न हाच येतो, बुकिंग किती आधी करायचं? यात दोन टोकाची मंडळी भेटतात. एक जण घरी बसून एक्सेल शीट बनवतो, त्यात मार्च महिन्यातल्या मंगळवारी रात्री कुठे झोपायचं तेसुद्धा लिहिलेलं असतं. दुसरा म्हणतो बघू रे, होईल काहीतरी. पहिल्याचं शीट दुसऱ्याच महिन्यात बोंबलतं, कारण त्याला एखादं गाव आवडतं नाहीतर ताप येतो नाहीतर दरड कोसळून रस्ता बंद होतो, आणि मग पुढची सगळी बुकिंग एकामागून एक कॅन्सल करत बसायचं. दुसरा छठपूजेच्या आठवड्यात पाटण्याच्या स्टेशनवर उभा असतो आणि पुढचे दहा दिवस त्याला कुठल्याच गाडीत बर्थ नसतो.

खरं तर "किती आधी" याला एकच उत्तर नाहीच. प्रत्येक गोष्टीची मुदत वेगळी. विचारायचं एवढंच की ही गोष्ट संपते का, आणि संपत असेल तर साधारण कधी? लांबच्या गाडीचे बर्थ संपतात. सणाच्या आठवड्यातल्या खोल्या संपतात. मंगळवारी हंपीला बॅकपॅकर हॉस्टेलमधला बेड सहसा संपत नाही, त्यामुळे तो महिनाभर आधी घेऊन ठेवायची काही गरज नाही. हे सगळं भारतापुरतं (आणि थोडं नेपाळ) लिहितोय, व्हिसा लागणाऱ्या देशांचं गणित वेगळं असतं.

१. आधी ऋतू ठरवा, तारखा नंतर

कॅलेंडर घ्या, साधं भिंतीवरचं चालेल. त्यावर गावांची नावं न लिहिता फक्त प्रदेश लिहा. महाराष्ट्रातून निघणारे बरेच जण परीक्षा, रिझल्ट उरकून जूनच्या शेवटी किंवा जुलैत निघतात आणि पावसाळ्यात जायचं कुठे असं विचारतात. स्पिती आणि लडाख पर्जन्यछायेत आहेत, जुलै-ऑगस्ट तिथे चांगला, फक्त तिथे पोचण्याच्या रस्त्यावर पाऊस आणि दरडी असतात, म्हणून जाताना-येताना दोनतीन दिवस रिकामे ठेवा. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडी असते, फुलं बघायची तर जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्ट. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरला राजस्थान, वाराणसी. नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरात ईशान्य भारत. जानेवारी-फेब्रुवारीत हंपी, तमिळनाडू, केरळ. एप्रिल-मेला परत डोंगर.

हे झालं की अर्धं काम झालं. याच्या पुढे तारखा टाकायच्या त्या फक्त येत्या दोन महिन्यांच्या.

२. लाल पेनाने गर्दीच्या तारखा मारा

ही पायरी नवीन लोक हमखास गाळतात आणि मग रडतात. वर्षातले काही आठवडे असे आहेत की तेव्हा नेहमीचे नियम चालतच नाहीत. गणपतीत कोकण रेल्वे. दिवाळी ते छठ या काळात मुंबई-पुण्याहून यूपी-बिहारकडे जाणारी आणि नंतर तिकडून येणारी प्रत्येक गाडी. होळीलाही तेच. कार्तिक पौर्णिमेला वाराणसीत देवदिवाळी आणि त्याच सुमाराला पुष्करचा मेळा, दोन्हीकडे खोल्यांचे भाव आभाळाला. कोहिमाजवळ किसामा इथे हॉर्नबिल महोत्सव १ ते १० डिसेंबर असतो, गावं लहान, खोल्या कमी, त्यामुळे तिथे जायचं तर तीनचार महिने आधी झोपायची सोय बघा, हा एवढा एकच मुक्काम मी इतक्या आधी घ्यायला सांगेन. नाताळ ते २ जानेवारी गोवा आणि गोकर्ण. श्रावणात हरिद्वार-ऋषिकेशला कावड यात्रा (उत्तरेतला श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो हे लक्षात घ्या, आपल्या कालनिर्णयवर तेव्हा आषाढ चालू असतो). एप्रिल-मेच्या सुट्टीत मनाली, दार्जिलिंग, काश्मीर.

या तारखांना दोनच गोष्टी करता येतात, एक तर खोल्या दोनतीन महिने आधी आणि गाड्या बुकिंग उघडताच पक्क्या करा नाहीतर तेव्हा कुठल्यातरी आडगावी निवांत पडून राहा. गॅप इयरवाल्याला दुसरं जमतं, नोकरीवाल्याला जमत नाही. हा तुमचा फायदा आहे, तो वापरा.

शनिवार-रविवारचंही असंच. कसोल आणि ऋषिकेश दिल्लीवाले भरतात, हंपी-गोकर्ण बेंगळुरूवाले. म्हणून शक्यतो वीकेंडला मोठ्या शहरात राहायचं आणि रविवारी संध्याकाळी, सगळे परत निघाले की, तिकडे पोचायचं. तोच बेड स्वस्त मिळतो आणि तीनच माणसं असली तर हॉस्टेलवाला खिडकीजवळचा देतो.

३. रेल्वे: खरी डोकेफोड इथेच

रिझर्वेशन प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस न धरता. आधी १२० दिवस होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० झाले, त्यामुळे जुन्या लेखांत "चार महिने आधी" लिहिलेलं दिसलं तर सोडून द्या. सकाळी ८ ला उघडतं. म्हणजे ३१ ऑक्टोबरची गाडी हवी असेल तर १ सप्टेंबरला सकाळी आठला फोन हातात पाहिजे. एक बारकी गोष्ट, ही मोजणी गाडी जिथून सुटते त्या स्टेशनची तारीख धरून होते, तुमच्या स्टेशनवर ती दुसऱ्या दिवशी येत असेल तर तुमचं बुकिंगही एक दिवस आधीच उघडलेलं असतं. लांबून येणारी गाडी मधल्या स्टेशनवरून पकडणारे इथे चुकतात, आणि नेमकं गर्दीच्या दिवसात तो एक दिवस महागात पडतो.

निघण्याआधी घरीच आयआरसीटीसीचं (रेल्वेची तिकिटांची साइट) अकाउंट आधारशी व्हेरिफाय करून घ्या. १ जुलै २०२५ पासून त्याशिवाय ऑनलाइन तत्काळ मिळत नाही, आणि साधं बुकिंग उघडतं त्या पहिल्या दिवशीही ऑनलाइन तिकीट आता आधारवाल्यांनाच मिळतं. आधारला जोडलेला मोबाईल नंबर तुमच्याकडेच असू दे, कित्येकांचा बाबांच्या फोनला जोडलेला असतो आणि मग ओटीपी जातो सांगलीला आणि पोरगं बसलंय सिलिगुडीला.

आता सगळ्या गाड्या ६० दिवस आधी काढायच्या का? अजिबात नाही. माझा हिशोब असा आहे. रात्रभराचा किंवा त्याहून लांबचा प्रवास, तोही गर्दीच्या रूटवर, असा वर्षात मोजकाच येतो. तेवढेच खांब आधी रोवायचे. उदाहरणार्थ पुण्याहून ईशान्येला जायचंय तर आझाद हिंदने हावडा, कोलकात्यात चारपाच दिवस, मग सरायघाटने गुवाहाटी, ही दोन तिकिटं बुकिंग उघडलं की घ्यायची. गुवाहाटीच्या पुढे महिनाभर काय करायचं ते मोकळं सोडा. परतीचं तिकीट मात्र साधारण महिनाभर आधी बघायला लागा, त्या बाजूच्या गाड्या लवकर भरतात.

सहासात तासांच्या आतला दिवसाचा प्रवास असेल तर सेकंड सीटिंग बघा, बऱ्याचदा दोनचार दिवस आधीही मिळून जातं. त्याहून जवळ असेल तर सरळ जनरलचं तिकीट काढून पॅसेंजरने जा, हुबळी ते होसपेटे असलं अंतर खिडकीत बसून छान कापलं जातं. होसपेटेहून हंपीला बस सारख्या आहेत.

वेटिंगचं तिकीट घेताना आकड्याबरोबर त्याच्या पुढची अक्षरं बघा. जीएनडब्ल्यूएल असेल तर कन्फर्म व्हायची आशा सगळ्यात जास्त, कारण तो गाडीचा मुख्य कोटा. पीक्यूडब्ल्यूएल आणि आरएलडब्ल्यूएल हे मधल्या स्टेशनांचे, वेटिंग ८ असलं तरी ते ८ वरच मरू शकतं. अशा वेळी गाडी जिथून सुटते तिथून तिकीट काढून बोर्डिंग पॉइंट आपल्या स्टेशनचा टाकायचा, थोडे पैसे जास्त जातात पण मुख्य कोट्यात शिरता येतं. आरएसी मिळालं तर घ्या बिनधास्त, साइड लोअरवर दोघांनी बसायचं, निदान गाडीत असता. आणि वेटिंगवरच चढून जाऊ हे विसरा. ऑनलाइनचं वेटिंग, चार्ट (गाडीची अंतिम प्रवासी यादी) लागला की, आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात, काउंटरचं वेटिंग घेऊनही आता स्लीपरमध्ये किंवा एसीत बसू देत नाहीत.

तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, एसी १० ला, बिगर एसी ११ ला. इथे "आदला दिवस" म्हणजेसुद्धा गाडी सुटायच्या स्टेशनचा. कन्फर्म तत्काळ कॅन्सल केलं तर काही परत मिळत नाही, त्यामुळे मन पक्कं असेल तरच. प्रवाशाची माहिती आधीच मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवा, पैसे आयआरसीटीसीच्या वॉलेटमध्ये टाकून ठेवा. डोंगरात रेंजचे वांधे असतात, तिथून तत्काळ मारायच्या भानगडीत पडू नका, खाली सपाटीवर उतरून मग. आणि तत्काळही हुकलं तर चार्ट लागल्यावर त्याच साइटवर रिकामे बर्थ दिसतात, गाडी सुटायच्या अर्ध्या तासापर्यंत ते करंट बुकिंगला मिळू शकतात. हे फार कमी जणांना माहिती असतं.

४. झोपायचं कुठे

नियम सोपा आहे, नवीन शहरात पहिल्या दोन रात्री बुक करा, पुढचं तिथे जाऊन. दोनतीन दिवस आधी केलं तरी चालतं. पहिल्या रात्री बेड आवडला तर सकाळी काउंटरवर जाऊन विचारायचं, अजून तीन दिवस थांबतोय, काय कमी कराल? ॲपचं कमिशन वाचतं म्हणून बरेच जण थोडं कमी करतात. नाही आवडला तर शेजारच्या गल्लीत फेरी मारायची.

काही अपवाद आहेत. मुलींनो, फक्त महिलांचा डॉर्म बऱ्याच हॉस्टेलात एकच असतो आणि त्यात चारसहा बेड, त्यामुळे तो आठवडाभर आधी घ्या, आणि पहिल्यांदा जाताय त्या गावात उजेडी पोचेल अशीच गाडी किंवा बस निवडा, त्यासाठी दोनशे रुपये जास्त गेले तरी जाऊ देत. दुसरं, बारावीनंतर लगेच निघणाऱ्यांसाठी, १८ पूर्ण नसतील तर बहुतेक हॉस्टेलं पालकांशिवाय घेतच नाहीत. ॲपवर पैसे भरून घेतात आणि दारात ओळखपत्र बघून नाही म्हणतात. वाढदिवस ऑक्टोबरात असेल तर आधीचे महिने नातेवाईक, ट्रेकिंग क्लब, युथ हॉस्टेल्स असोसिएशनचे ट्रेक असं काहीतरी करा. तिसरं, कित्येक हॉस्टेलं त्याच शहराचा पत्ता असलेलं आधारकार्ड चालवत नाहीत. पुण्यातल्या माणसाला पुण्यातच एक रात्र काढायची असली की हे कळतं. बुकिंगच्या पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा.

जुन्या माहितीवर जाऊ नका हेही सांगतो. हंपीला नदीपलीकडे विरुपापूर गड्डी म्हणून बेट होतं, सगळे बॅकपॅकर तिथेच राहायचे. २०२० मध्ये कोर्टाच्या निकालानंतर तिथली रिसॉर्टं पाडली. आता लोक सणापूर, आनेगुंदी किंवा नदीच्या अलीकडे कमलापूर, होसपेटे असं राहतात. तरी नेटवर अजून त्या बेटाची शिफारस करणारे लेख फिरतायत.

देवस्थानं, धर्मशाळा, गुरुद्वारे यांचं तंत्र वेगळं. बऱ्याच ठिकाणी आधी बुकिंगच नसतं, जायचं, रांगेत उभं राहायचं, ओळखपत्र दाखवायचं. घांघरियाला हेमकुंडच्या वाटेवरचा गुरुद्वारा किंवा अमृतसरच्या सराया बॅकपॅकरला मोठा आधार आहेत. पण काही भक्तनिवासांत एकट्या माणसाला खोली देत नाहीत, त्यामुळे रात्री उशिरा पोचणार असाल तर आधी फोन करून विचारा.

एखाद्या ठिकाणी महिनाभर राहायचा विचार असेल तर हॉस्टेलात काम करून राहणं हा प्रकार आहे, रोज काही तास रिसेप्शन किंवा कॅफे सांभाळायचा, बेड आणि बहुधा जेवण मिळतं. यासाठी मात्र महिना-दोन महिने आधी मेसेज टाकावा लागतो, आणि जेवण नक्की आहे का, सुट्टी किती, हे आधीच लिहून घ्या.

५. बस, सुमो आणि बाकीचं

एसटी आणि इतर राज्यांच्या बसना बहुतेक वेळा एकदोन दिवस पुरतात. महाराष्ट्रातच महिनाभर फिरणार असाल तर एसटीचा "आवडेल तेथे प्रवास" पास बघा, चार आणि सात दिवसांचा मिळतो, आणि मुलींना एसटीत तसंही अर्धं तिकीट आहे, तेव्हा पास परवडतो का ते आधी मोजा.

डोंगरात आदली संध्याकाळ हेच बुकिंग. रेकाँग पिओहून काझाला जाणारी हिमाचलची बस भल्या पहाटे सुटते. त्यासाठी आदल्या दिवशीच पिओला पोचायचं, स्टँडवर तिकीट कधी देतात ते विचारून ठेवायचं आणि पहाटे अंधारात जाऊन खिडकीपुढे उभं राहायचं, स्वेटर घालून, सॅक पायाशी, पुढे दोनचार काझावाले आजोबा पिशव्या घेऊन. उशिरा येणारा दहाबारा तास उभ्याने जातो. तेझपूरहून तवांगच्या सुमोचंही (शेअर जीप) तसंच, आदल्या दिवशी काउंटरवर सीट लिहायची, पहाटे गाडी. मागची सीट देत असतील तर एक दिवस थांबा पण ती घेऊ नका, सेला खिंडीपर्यंत पाठीचा भुगा होतो.

मेघालयात रविवार सांभाळा. शिलाँगहून सोहराला (म्हणजे चेरापुंजी) एरवी शेअर सुमो भरभरून जातात पण रविवारी सगळं थंड, लोक चर्चला. शनिवारीच पोचा किंवा सोमवारी निघा.

६. परवाने आणि ज्यांच्या जागा मोजक्या असतात

अरुणाचल, नागालँड, मिझोराम, मणिपूर यांना आपल्यालाही इनर लाइन परमिट लागतं. ते ऑनलाइन निघतं, पण एकदोन आठवडे हातात ठेवा आणि तारखा दोनचार दिवस सैल टाका, कारण रस्ता बंद झाला तर परवाना संपेपर्यंत तुम्ही अरुणाचलच्या वेशीवर भालुकपाँगलाच चहा पीत बसाल. प्रिंट दोन ठेवा.

केदारनाथ आणि बाकीच्या चारधामला उत्तराखंडची नोंदणी सक्तीची आहे, हंगामाच्या सुरुवातीला तिचे दिवस भरून जातात. ताडोब्याचा कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो आणि उघडल्यावर वीकेंडच्या सफारी आधीच गेलेल्या असतात, मधल्या वारी बघा. इगतपुरीला धम्मगिरीत दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करायचं असेल, गॅप इयरमध्ये बरेच जण करतात, तर दोनतीन महिने आधी फॉर्म भरा. सोमनाथला (गुजरातचं नव्हे, चंद्रपूर जिल्ह्यातलं) आनंदवनवाल्यांची श्रमसंस्कार छावणी मे महिन्यात असते, तिचीही नोंदणी आधी. अशा ठरलेल्या तारखा वर्षात दोनतीनच घ्या, त्यांच्यामधलं अंतर मोकळं राहू दे. प्रत्येक महिन्यात एक ठेवली की झाली परत एक्सेल शीट.

विमान शक्यतो टाळायचंच, पण लेह, पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) किंवा ईशान्येतून घरी यायला बऱ्याचदा घ्यावं लागतं, ते दीडदोन महिने आधी. लेहला उडून गेलात तर उंची ३५०० मीटर, पहिले दोन दिवस नुसतं लोळायचं, त्या दोन दिवसांत पँगाँगची गाडी ठरवू नका. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या, आधारवर अवलंबून राहू नका. गोरखपूरहून सोनौलीला बस लगेच मिळते, आधी काही करायला नको, फक्त ऑक्टोबरात ट्रेकच्या वाटांवर खोल्या दुपारीच भरतात.

७. पैसे आणि घरचे

बुकिंगमध्ये अडकलेला पैसा हा खर्चच धरा. एका वेळी दोन आठवड्यांच्या खर्चापेक्षा जास्त पुढच्या बुकिंगमध्ये नको. फ्री कॅन्सलेशनवालं पन्नास रुपये महाग असलं तरी घ्या, पण ते किती वाजेपर्यंत फ्री आहे ते बघा, बऱ्याचदा आदल्या दिवशी दुपारीच मुदत संपलेली असते.

आईबाबांना वर्षभराचा कागद हवा असतो, तो देऊ नका, कारण तो बदलला की त्यांना जास्त काळजी. त्याऐवजी फॅमिली ग्रुपवर कायम पुढचे दोन मुक्काम, पीएनआर आणि हॉस्टेलचा नंबर टाकत जायचं. माझ्या अनुभवात यानेच फोन कमी होतात.

८. आणि तरीही रात्री अकराला बेडशिवाय अडकलात तर

मोठ्या स्टेशनांवर रिटायरिंग रूम आणि डॉर्म असतात, कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीच्या साइटवरून घेता येतात, काही तासांसाठीसुद्धा. गाडी लेट होतेय असं दिसलं की गाडीतूनच बघायला लागा. त्या भरल्या असतील तर एसी वेटिंग रूममध्ये तिकीट दाखवून सकाळपर्यंत बसा आणि सामान क्लोक रूममध्ये टाका. क्लोक रूमवाला कुलूप नसलेली सॅक घेत नाही, चेनच्या दोन्ही टोकांत बसेल असं छोटं कुलूप घरूनच न्या, आणि दुसरी किल्ली सॅकमध्ये नाही, पाकिटात.